विसराचं पाणी

मिरजगावच्या नाटकमंडळीत विष कधी खोटं नसायचं. म्हणजे मरत कोणी नसे, पण पिणाऱ्याचं तोंड खरोखर वाकडं व्हायचं. कारण ते रसमामांनी केलेलं असायचं. मामांचा धंदा रंगाऱ्याचा, लुगडी रंगवून द्यायचे. पण यात्रेच्या नाटकात राजाराण्यांनी प्यायची सगळी रसायनं त्यांच्याच हातची. इतर गावांत रिकाम्या पेल्यावर भागायचं, मामांना ते खपत नसे. "रिकामा पेला पिताना नट बी रिकामाच दिसतुय," म्हणायचे.

विष म्हणजे कडुनिंबाचा काळपट हिरवा काढा, वर हिंग. वास पहिल्या रांगेपर्यंत पोचायचा. तारुण्याचा रस जास्वंदीचा, लालभडक, त्यात आल्याचा असा ठसका की म्हातारा ऋषी टुणकन उडायचाच. अमृताला मात्र खडीसाखर आणि वेलदोडे लागत. लढाईमुळे साखर रेशनवर आली तेव्हा मी गूळ सुचवला. मामा उखडलेच. "मास्तर, अमृत हाय का गुळवनी?" दोन महिने नवराबायको बिनसाखरेचा चहा प्यायले. "देवाला अमृत आन आमाला नुसता पाला," मामी कुरकुरायची, पण प्रत्येक रस आधी तीच चाखायची. तिनं मान हलवल्याशिवाय मामा पेला भरत नसत.

मी तिथल्या शाळेत मास्तर आणि नाटकात राजपुत्र. त्या वर्षी एक चेटकीण मला विसराचं पाणी पाजते आणि मी माझ्या बायकोला विसरतो, असा प्रवेश होता. तालमी सुरू झाल्या आणि तापाचं निमित्त होऊन मामी गेली. तिचे तेराव्याचे दिवस झाले, आणि मामा पाटा-वरवंटा घेऊन पुन्हा बसले. आम्ही म्हटलं, यंदा राहू द्या. ऐकतील तर ना!

चाखायचं काम आता माझ्याकडे आलं. कधी धणे, कधी वाळा, कधी ओवा. मी घोट घ्यायचो आणि मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. एकदा मी म्हणालो, "थोडं गोड करा की."

"न्हाई मास्तर. इसरायचं पानी गोड झालं तर मानूस पुन्यांदा मागंल." मग पाट्याकडे बघत म्हणाले, "मी बी मागंन."

हा माणूस हे पाणी कोणासाठी करतोय, ते त्या दिवशी कळलं.

यात्रेच्या दिवशी प्रवेश आला. चेटकिणीनं पेला दिला. रंग नाही, वास नाही. तोंडाला लावला तर आडाचं साधं पाणी! विंगेत मामा मान खाली घालून उभे होते. मला हसून "ही बाई कोण?" एवढंच म्हणायचं होतं. समोर बायकोच्या कामातला गडी लुगडं सावरत वाट बघत होता. ते म्हणायचं सोडून मी भर रंगभूमीवर ढसाढसा रडलो. विसरलेला राजपुत्र बायकोकडे बघून रडतोय म्हटल्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी पडदा पाडावा लागला.

मंडळींनी माझी चांगलीच हजेरी घेतली. त्यांच्या तावडीतून सुटून मी मामांकडे गेलो आणि म्हणालो, "चुकलं मामा, तुमचा प्रवेश मी घालवला."

"मलाच जमलं न्हाई मास्तर," मामा म्हणाले. "लई करून बघितलं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पन तुमी रडला ते बरं केलं. साध्या पान्यानं तुमी बायकोला इसरला आसता, तर मला आज घरी जाववलं नसतं."