बिनगव्हाचे शुक्रवार

आईला गहू चालत नाही हे कळलं तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. वर्षभर पोट बिघडलेलं, अंगात रक्त नाही, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेले. ठाण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "आजी, याला सिलिअ‍ॅक म्हणतात. गहू, मैदा, रवा, पाव, बिस्किट, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा पोटात जाता कामा नये. गेलं तर आतडी पुन्हा सोलवटणार, आणि आता तुमच्या अंगात तेवढी ताकद नाही."

आईने विचारलं, "भाकरी?"

"ज्वारीची, बाजरीची, तांदळाची, हवी तेवढी खा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. नगरकडच्या आमच्या गावात तिच्या लहानपणी गहू दिसायचा तो नाताळात आणि लग्नात. तो गेला तर तिला फारसं दुःख नव्हतं.

कल्याणला घरी पोचल्या पोचल्या मी कणकेचा डबा उचलला आणि शेजारच्या काकूंना देऊन आले. मग शेवया, रवा, टोस्ट, आणि ज्या पोळपाटावर आयुष्यभर पोळ्या लाटल्या तो पोळपाटसुद्धा. मला एखादी गोष्ट पटली की ती त्याच दिवशी व्हायला लागते. ऑफिसात याला माझा स्वभाव म्हणतात. आई आगाऊपणा म्हणते.

महिन्याभरात आईचा चेहरा जरा भरला. आणि मग एका शनिवारी सकाळी ती पुन्हा बाथरूमचं दार धरून उभी होती, पांढरीफटक.

"काल काय खाल्लंस?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. कधी कल्याणला, कधी विठ्ठलवाडीला, कधी डोंबिवलीला. गाणी, बायबलमधलं वचन, प्रार्थना आणि शेवटी खाऊ. समोसा, केक, शिरा, खारी. आदल्या दिवशी आई एकटी गेलेली, आणि तिने समोसा खाल्ला होता. अख्खा.

मी भडकले. "आई, तू लहान आहेस का? नको म्हणायला काय झालं होतं?"

ती दार सोडून खाली टेकली. मग म्हणाली, "कुणाच्या घरात बसून त्यांचं ताट परत करायचं नाही. माझ्या बापाच्या घरचं गावात कुणी खाल्लं नाही. आई सणाला करायची, शेजारच्या आळीत द्यायला जायची, आणि तसंच झाकलेलं घेऊन परत यायची. मी पाहिलंय तिचं तोंड. ते तोंड मी कुणाचं करणार नाही. मेले तरी चालेल."

"अगं, पण आजार आहे तुला. सांग ना लोकांना."

"आजाराचंच म्हणशील तर तेव्हाही लोक काहीतरी कारण सांगायचेच की. पोट बरं नाही म्हणायचे." आणि मग बोट रोखून, "माझं नाव काढायचं नाहीस कुणाजवळ. शपथ घ्यायची नसते आपल्यात, म्हणून नुसतं सांगते."

पाळकसाहेबांना मात्र तिने स्वतः जाऊन सांगितलेलं. प्रभुभोजनाला ती नुसता द्राक्षरसाचा पेला घेत होती, भाकर नाही, कारण ती गव्हाची. मी विचारलं, तिथे कसं जमलं? तर म्हणाली, "देवाला वाईट वाटत नाही. माणसाला वाटतं."

मी दोन दिवस धुमसले आणि मग ठरवलं. आई नको म्हणणार नसेल, तर तिच्यापुढे गहू येताच कामा नये. एकाही घरात, एकाही शुक्रवारी.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी महिला संघाच्या बायकांपुढे उभी राहिले आणि जाहीर केलं की नाताळपर्यंत शुक्रवारचा सगळा खाऊ माझ्याकडून. देवाला तसा शब्द दिलाय. हे धडधडीत खोटं होतं, पण देवाला शब्द दिला म्हटल्यावर आमच्यात कुणी पुढे विचारत नाही. काही जणी तर आमेन म्हणाल्या. आईने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की घरी जाताना मी रिक्षात पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसले.

खाऊ करणं अवघड नव्हतं. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ मिक्सरमधून फिरवायचे आणि तेल सुटलं की लाडू वळायचे. वीस मिनिटांत पन्नास लाडू. नारळाच्या वड्या. राजगिऱ्याचे लाडू. साबुदाणा वडे. एका शुक्रवारी ढोकळा, एका शुक्रवारी तांदळाच्या पिठाच्या चकल्या. लोक आवडीने खायचे. एक मावशी मात्र म्हणाल्या, "काय गं, आमच्या घरी सभा आणि तू उपासाचं काय आणतेस? थांब, तुझ्या मदतीला मी रव्याचे लाडू करते."

"मावशी, रवा नको. तो गव्हाचाच असतो."

"चल! रवा रव्याचा असतो."

शाळेत चाळीस वर्षं शिकवलेल्या बाई. त्यांचा डबा मी हसत हसत हातातून घेतला आणि शेवटपर्यंत उघडला नाही.

आणि तरी आई आजारी पडली. ढोकळ्यानंतर एकदा, चकल्यांनंतर एकदा. मला रडूच आलं. सगळं माझ्या हातचं, माझ्या घरातलं, मग गहू आला कुठून? एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू ओट्यावर मांडली आणि चष्मा लावून वाचायला बसले. हिंगाच्या डबीवर, अगदी बारीक अक्षरात, मैदा लिहिलेला होता. हिंगात मैदा! जन्मभर ढोकळ्याच्या फोडणीत घातला आणि कधी वाचलं नाही.

चकल्यांचं कारण गिरणी निघाली; भाकरीचं पीठ मी पाकिटातलं आणायचे, पण चकल्यांचे तांदूळ भाजून दळायला दिले होते. आमचा गिरणीवाला दळणावर दळण टाकतो. आधी कुणाचे तरी गहू, त्यावर माझे तांदूळ. चक्कीत राहिलेलं पहिलं पीठ सरळ माझ्या डब्यात. मी त्याला म्हटलं, आधी चक्की साफ करून द्या. तो म्हणाला, "ताई, एका डब्यासाठी चक्की खोलू? माणसं हाणतील मला."

"मग कधी खोलता?"

"नवरात्रात. उपासाचं दळायच्या आधी."

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सातला मी दहा किलो तांदूळ घेऊन गिरणीवर हजर. पुढे बायकांची रांग, राजगिरा, शिंगाडा, वरी. माझा नंबर आला तर तो म्हणाला, तांदूळ उपासाला चालत नाही, चक्की बाटेल. तेही बरोबरच होतं. तेव्हा असं ठरलं की उपासाची सगळी दळणं संपली की, आणि पहिला गहू पडायच्या आधी, मधे माझे तांदूळ. मी अकरापर्यंत तिथे स्टुलावर बसून राहिले. ऑफिसला फोन करून सांगितलं, घरात कार्य आहे.

पीठ पिशवीत पडताना गिरणीवाल्याने विचारलं, "तुमच्याकडे कुणाचा उपास असतो, ताई?"

"आईचा. जन्मभराचा."

पिशवीचं तोंड त्याने स्वतः बांधून दिलं, नवीन सुतळीने. त्यानंतर आई एकदाही आजारी पडली नाही. तिचं वजन वाढलं, ब्लाउज पुन्हा खांद्यावर बसले, आणि मी जिंकल्यासारखी फिरायला लागले.

नोव्हेंबरमध्ये विठ्ठलवाडीच्या एका घरी सभा होती. नवरा-बायको जालन्याकडून नवीनच आलेले, एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. त्यांच्या घरी सभा पहिल्यांदाच. मी आधीच फोन करून सांगितलं होतं, खाऊ मी आणते. बायको, पोरगीच ती, "हो ताई" म्हणाली होती. आम्ही वीस माणसं त्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. गाणी झाली, वचन झालं, शेवटची प्रार्थना झाली. मी पिशवीतून डबा काढणार, इतक्यात ती पोरगी आतून मोठी परात घेऊन आली. करंज्या. शंभर तरी असतील, सगळ्या एका मापाच्या, कडेला हाताने मुरड घातलेली.

"ताई, रागावू नका," ती मला म्हणाली. "सभा माझ्या घरात आणि खाऊ दुसऱ्याच्या घरचा, असं कसं? तीन दिवस करतेय." आणि पहिली बशी तिने माझ्या आईपुढे धरली, सगळ्यांत वयाने मोठी म्हणून.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या मुलीचा राग आला. आणि लगेच स्वतःचा. दोन महिने मी घरोघर जाऊन बायकांना त्यांच्याच घरात पाहुण्यांना खाऊ घालू दिलं नव्हतं. झाकलेलं ताट मी प्रत्येकीला परत दिलं होतं, आणि वरून देवाचं नाव सांगितलं होतं.

आईने बशी घेतली. मी उठून ती हिसकावणार होते. माझा हात पुढे गेलासुद्धा. आईने माझ्याकडे न बघता तो खाली दाबला. करंजी उचलून उजेडात धरली, मुरड नीट पाहिली, आणि पुन्हा बशीत ठेवली.

"बाळा, मला गव्हाचा आजार आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "एक घास खाल्ला तर आठ दिवस अंथरुणाला खिळते. ही तुझी करंजी मी खाऊ शकत नाही."

मुलीचं तोंड उतरलं. अगदी एका क्षणात. आईने ते पाहिलं. तिने जन्मभर जे टाळलं होतं तेच तिच्यासमोर दोन हातांवर होतं. मला वाटलं, आता ही करंजी उचलणार आणि खाणार.

"घरात भात आहे का?" आईने विचारलं.

"अं? आहे. पण दुपारचा आहे, आजी. गार. नुसता."

"आण. सोबत थोडं दही असलं तर दही, नाहीतर मीठ."

मुलगी गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. पाहुण्यांना गार भात? आई म्हणाली, "आण गं. मला भूक लागलीय. तुझ्या घरी जेवून जाणार मी."

ती उठली. आतून पातेल्याचा आवाज आला. स्टीलच्या ताटलीत गार भात, वर दही, कडेला मीठ. मी मनातल्या मनात तपासलं: तांदूळ, दूध, मीठ. आईने कालवलं आणि वीस माणसांसमोर सावकाश खायला लागली. मावशींनी हातातली करंजी तशीच धरून ठेवली होती. मुलगी आधी दारात उभी होती, मग आईच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली, पातेलं मांडीजवळ घेऊन.

आईने ताटलीतला शेवटचा दाणा बोटाने निपटून घेतला.

"आजी, अजून घालू?" मुलीने विचारलं.

"घाल," आई म्हणाली.