जर्मनकाकूंची आडेलहाइट

बाराव्या शतकात मेलेल्या एका बाईबद्दल जर्मनकाकू अशा बोलत, जणू ती त्यांची चुलतनणंदच. मंडळाच्या गणपतीत मोदक वळता वळता त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या आडेलहाइटला तिच्या थोरल्यानं फार छळलं हो." ऑकलंडला नव्यानंच आलेल्या एक बाई कळवळल्या. "अगं बाई! मग पोलिसांत नाही का गेल्या त्या?" काकूंनी पारीच्या चुण्या नीट केल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा पोलीस नव्हते. सरदार होते, आणि तो छळणारा त्यांतलाच."

काकूंनी पुण्यात आयुष्यभर जर्मन शिकवलं होतं. काका गेल्यावर त्या ऑकलंडच्या टाकानिनी या उपनगरात मुलाकडे, निखिलकडे आल्या. मी दोन घरं सोडून राहायची आणि हॉस्पिटलात नर्स होते. टाकानिनीत गाडीवाचून पान हलत नाही आणि काकूंना गाडी येत नव्हती. त्यामुळे माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी कढीपत्ता, पोहे, भाजणी आणायला सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जायचो. मोटरवेवर गाड्या खोळंबलेल्या, माझे डोळे ड्युटीनं जड झालेले, आणि शेजारी काकू आडेलहाइटच्या घरातली भांडणं सांगतायत, असा तो प्रवास असायचा. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी निम्मंच ऐकायची.

तरुणपणी काकू वर्षभर जर्मनीत शिकायला होत्या. तिथल्या एका लहानशा गावच्या चर्चमध्ये त्यांना ही बाई भेटली, म्हणजे तिच्या थडग्यावरचा दगड दिसला. तेव्हापासून काकूंनी तिचा पिच्छा सोडला नाही. तेराव्या वर्षी लग्न, नवरा बापाच्या वयाचा. तो बादशहाबरोबर इटलीच्या स्वारीवर गेला आणि तिकडेच तापानं मेला. धाकटी लेक सातव्या वर्षी मठात दिली. "सातव्या वर्षी गं!" काकू म्हणायच्या. "त्या वयात पोरगी वेणीसुद्धा धड घालू देत नाही." नात इरा मागच्या सीटवर असली की विचारायची, "आजी, इज शी डेड?" काकू तिच्याच शाळेतल्या किवी इंग्रजीत सांगायच्या, "हीप्स डेड, सोन्या." म्हणजे, अगदी खूपच मेलेली. काकू तिच्यावर पुस्तक लिहिणार होत्या. ते झालं नाही. आधी संसार होता, मग काकांचं आजारपण, मग इरा.

त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. त्या काळी तिकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला काहीतरी द्यायचा. काकू त्याला 'सकाळदेणं' म्हणायच्या. आडेलहाइटला एक गाव मिळालं होतं, पाणचक्की आणि द्राक्षमळ्यासकट. ते तिचं एकटीचं. विधवा झाली तरी पोटच्या मुलालाही त्याला हात लावता येत नव्हता. थोरल्याला धाकट्या भावाशी लढायला घोडे हवे होते. तो हिवाळाभर आईच्या मागे लागला आणि शेवटी तिनं दानपत्र करून गाव देऊन टाकलं. म्हातारपण लेकीच्या मठात, लेकीच्या हाताखाली काढलं. "मूर्ख बाई," काकू म्हणायच्या. "पोरापुढे पाघळली."

हा राग कशाचा होता ते कळायला मला वेळ लागला. पुण्यात एरंडवण्याला काकूंचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्यांच्या स्वतःच्या नावावर. दर हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या, त्या तिथं जायच्या, जळमटं काढायच्या, दोन-तीन महिने राहून यायच्या. "तिथं दार लावलं की मी कुणाची आई नाही, कुणाची आजी नाही," असं म्हणायच्या. निखिल म्हणायचा, "आई, तो विकू आणि इथं आपलं घर घेऊ, किती दिवस भाडं भरायचं?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "मी आडेलहाइट नाही." मग निखिल हसायचा आणि विषय तिथंच राहायचा. मुलगा वाईट नव्हता हो, अजिबात नव्हता.

शेवटी त्यानं कर्ज काढून घर घेतलं, आणि पाठोपाठ मंदी आली. नोकरी गेली. मिळाली ती वेलिंग्टनला; सोमवारी पहाटेच्या विमानानं जायचं, शुक्रवारी परत. सून दोन ठिकाणी काम करायची. निखिलनं फ्लॅटचं नाव काढणं आता बंद केलं होतं. एका शुक्रवारी तो आमटीभात कालवता कालवता ताटावरच झोपला. काकूंनी त्याचा हात पुसला, पण त्याला उठवलं नाही.

पुढच्या महिन्यात फ्लॅट विकला गेला. मला ते सँडरिंगहॅमच्या वाटेवर कळलं.

"इतकी वर्षं मी तिच्यावर उगाच चिडले," काकू म्हणाल्या. "ती पाघळली नव्हती गं. पोरगा दमलेला दिसला असेल तिला. दानपत्रात असलं कोण लिहितं?"

मी म्हटलं, "काकू, चांगलं केलंत."

"हो ना," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा चेहरा रडवेला झाला. "पण मला घरी जायचं होतं गं. शेवटी तरी मला माझ्या घरी जायचं होतं."

मी गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली. काकू पदर तोंडाला लावून रडल्या आणि मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं. म्हणाल्या, "चल, कढीपत्ता संपेल."

त्यानंतर त्या पुण्याला गेल्या नाहीत. नव्या घरातली उत्तरेकडची खोली त्यांना दिली होती; इथं ऊन उत्तरेकडून येतं. आलंगेलं कौतुक करायचं आणि काकू "छान आहे" म्हणायच्या. इथल्या पुढच्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या आमच्याच हॉस्पिटलात वारल्या. निखिल वेलिंग्टनहून पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. विमानतळावरून तो तसाच आला होता, लॅपटॉपची बॅग खांद्यावर, दाढी वाढलेली. आईपाशी बसला, मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"ताई, तुझ्याशी ती सगळं बोलायची," तो म्हणाला. "आई इथं सुखात होती ना गं?"

"होत्या रे," मी म्हटलं. "पुण्याचं नावसुद्धा काढायच्या नाहीत."