उंबऱ्याबाहेर फाडलेलं पत्र

आमच्या घरात वाचता येणारं एकच माणूस होतं, माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. ते फौजेत गेले आणि लढाईत मारले गेले. मग वडिलांना तिसरीतून काढून परक्याच्या गुरांमागे लावलं. पुढे जळगाव जामोदच्या बाजारात तुरीची पोती वाहून त्यांची पाठ वाकली. मोठ्याई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, विशीच्या आत विधवा झाली आणि आमच्यातच राहिली.

मरणाची तार पोस्टमननं वाचली, आजोबांनी फाडली. दुःखाचा कागद उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. काही दिवसांनी पलटणीतून एक लिफाफा आला. पोस्टमन म्हणाला, वाचून दाखवतो.

"आता वाचून काय करू? मेला थो मेला," आजोबा म्हणाले, आणि तोही न उघडता फाडला. मोठ्याई दारातून पाहत होती.

मी या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. बुलढाण्याला इतिहासात एम.ए. करताना प्रबंधासाठी एका परदेशी राष्ट्राध्यक्षाच्या सल्लागाराचा युद्धकाळातला पत्रव्यवहार घेतला. तिकडच्या अभिलेखागारानं तो इंटरनेटवर ठेवलाय. सुट्टीत घरी ओसरीवर बसून मोबाइलवर वाचत होते.

"काय वं, कोनाचे पत्रं वाचून राह्यली?" मोठ्याईनं विचारलं. मी सांगितलं.

"तुहा कोन लागते थो? आपल्या घरचं एक कोनी वाचलं नाही, अन् तू परमुलखातल्या दिवानाचे वाचतं!"

मी हसले. पण पुढच्याच फाइलमध्ये त्या सल्लागारानं एका मेलेल्या शिपायाच्या आईला लिहिलेलं पत्र निघालं. मूळ पत्र त्या बाईकडे गेलेलं. ही होती कचेरीनं ठेवलेली कार्बन नक्कल. मी सरसावून बसले. आजोबांनी फाडलं ते मूळ होतं. नक्कल पलटणीत असू शकते.

मोठ्याईच्या अंगठ्यानिशी अर्ज पाठवला. दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं: एका पानाची झेरॉक्स, हिंदीत.

अंगणातच मी ते आधी मनात वाचलं. मोठे बाबा जखमी होऊन दोन दिवस जगले होते. अग्नी पलटणीनं दिला. अस्थी महिनाभर मंदिरात ठेवतो, घरच्यांनी येऊन घेऊन जाव्यात, कोणी आलं नाही तर आम्हीच नदीत सोडू, असं साहेबानं लिहिलं होतं.

शेवटचं गाळावं असं मला वाटलं. मोठ्याईनं माझं तोंड पाहिलं.

"खरं वाच. नाही तं शिकली काऊन?"

मी सगळं वाचलं.

"म्हंजे महिनाभर थे वाट पाहत होते," ती म्हणाली. "अन् मी इथंच होती."

वडिलांनी हात पुढे केला. "वहिनी, द्या. रीतीनं फाडा लागते."

"फाडलं होतं नं एकदा," ती म्हणाली, आणि कागद घेऊन उंबरा ओलांडून आत गेली.

पत्र आता तिच्या पेटीत आहे. मी एम.ए. झाले. आमच्या घरी आलेलं पत्र आमच्याच घरच्या माणसानं वाचलं.