इंजिन बंद करू नका

शेजारच्या सुनंदाकाकूंची गाडी काका गेल्यापासून चार महिने कव्हराखाली उभी होती. दसऱ्याला तिला हार मिळाला, तेवढाच. आज दुपारी गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून काकूंनी सकाळीच मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरीवर जमलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुतली, आपल्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडल्या आणि इंजिन धडधडलं! मी गॅलरीतून टाळ्याच वाजवल्या.

"बॅटरी अजून वर्षभर सहज काढेल, काकू," मेकॅनिक म्हणाला. " चालवून नाही, उभी राहून उतरली ती. आता बंद करू नका, अर्धा तास फिरवून आणा."

"कोण, मी?" काकू गाऊनवर ओढणी घेऊन उभ्या होत्या. लायसन्स त्यांच्याकडे वीस वर्षं होतं, पण काका असताना ते कधी पर्सबाहेर आलं नव्हतं.

मी धावत खाली गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. दोन आचके बसले, मग गाडी सुटलीच! आपण सगळे कसले जपणारे लोक! चांगले कप कपाटात, चांगली साडी ट्रंकेत. आणि ही बॅटरीची जड काळी पेटी मात्र वापरली तरच टिकते!

अर्ध्या तासाने सोसायटीचं फाटक आलं. काकूंनी वेग कमी केला, आत पाहिलं आणि सरळ पुढे निघाल्या.

"एवढ्यात बॅटरी कशी भरेल गं? चार महिने उभी होती," त्या म्हणाल्या. "आणि त्या गिऱ्हाइकाला फोन कर. म्हणावं, गाडी बाहेर गेलीय."