नगावर भाकरी

जवळा बाजारच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी भाकऱ्या थापायची. महिन्याचा पगार ठरलेला, दुपारचं जेवण तिथंच. करोना आला, आठवडी बाजार बंद झाला आणि पाठोपाठ हॉटेलचं शटरही खाली आलं.

पहिल्या महिन्यात मालकांनी अर्धा पगार दिला. दुसऱ्या महिन्यात मला आणि चहा करणाऱ्या चाचांना बोलावून कोठीतली ज्वारी अन् तूरडाळ पुढं ठेवली. "मावशी, पैसे न्हाईत. हे तरी घेऊन जा. इथं पडून कीड लागून राहिली."

मी घेतलं. राग आला नाही; आभार मानावेसेही वाटले नाहीत. चाचांनी दुसऱ्याच दिवशी भाजीचा हातगाडा सुरू केला. पाऊस पडल्यावर मी सोयाबीन निंदायला जाऊ लागले.

पुढं पार्सलपुरती परवानगी मिळाली. मालकांनी फोन करून बोलावलं. गेले, तर टेबलं एकावर एक रचून ठेवलेली. ते म्हणाले, "आता भाकरी, भांडी, पार्सल बांधणं, समदं तुमच्याकडंच. पगार सध्या निम्मा. गिऱ्हाईकच न्हाई, काय करू?"

"पगार निम्मा अन् काम तिघांचं?"

"मग तुमीच सांगा."

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "मग नगावर द्या. जितक्या भाकऱ्या, तितके पैसे. भांडी मी घासणार न्हाई."

त्यांनी रचलेल्यातलं वरचं टेबल खाली उतरवलं. मग म्हणाले, "बराबर हाय."

सुरुवातीला नुकसान माझंच झालं. कधी कधी टोपलीचा तळ झाकेल एवढ्याच भाकऱ्या व्हायच्या. निंदणीची मजुरी त्यापेक्षा बरी होती. भांडी मालकीणबाई घासायच्या. आम्ही दोघी फारसं बोलत नसू.

बाजार पुन्हा भरू लागला, तसे मालक म्हणाले, "मावशी, आता पयल्यासारखं महिन्यावर या." मी नाही म्हटलं. कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चाचांनाही त्यांनी निरोप धाडला. चाचा आले, नव्या माणसाच्या हातचा चहा प्यायले, "शक्कर जास्ती झाली," म्हणाले आणि गाडा ढकलत पुढं गेले.

मी अजून तिथंच आहे. बाजाराच्या दिवशी पूर्वीपेक्षा बरे पैसे मिळतात. अंगात ताप असला, की त्या दिवसाचं काहीच नाही. नगावर द्या म्हणताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.