खोडलेलं वाक्य

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत एक काकू शिकवतात. प्रश्न विचारला की त्या खिडकीबाहेर बघत थांबतात, म्हणजे मुलांना घाई वाटत नाही. त्यांचे यजमान, म्हणजे काका, त्यांना शाळेत सोडतात आणि शाळा सुटेपर्यंत गाडीतच बसून राहतात.

वर्गासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं चाललं होतं. त्यात प्रत्येक मुलाचा स्क्रीन शिक्षकाला दिसतो, म्हणून शाळेची व्यवस्था बघणारा मी खूश होतो. काकू म्हणाल्या, "आधी मी विद्यार्थी होऊन बघते. तू शिक्षक हो."

मी त्यांना निबंधाला विषय दिला, माझं घर. त्या शेजारच्या वर्गात जाऊन टाइप करू लागल्या आणि अक्षरं माझ्यासमोर उमटत गेली. ‘आमच्या घरात आता मी एकटीच बोलते.’ मग बराच वेळ काहीच हललं नाही. ते वाक्य पुसलं गेलं आणि त्या जागी आलं, ‘आमचं घर मोठं आहे. मागे बाग आहे.’

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "खोडलेलंही दिसलं ना तुला?"

"हो, काकू."

"मग हे मुलांना नको."

सॉफ्टवेअर आम्ही घेतलं नाही. पण तेव्हापासून दर रविवारी मी पार्किंगमध्ये गाडीजवळ थांबून काकांची चौकशी करतो. ते काच खाली करतात, मान हलवतात आणि पुन्हा समोर बघू लागतात.