वल्लमच्या माळावर कामाक्षीटीचर

कामाक्षीला पहिल्यांदा हसू आलं ते वरुणरावांच्या विजारीचं. काळी, अंगाला चिकटलेली, गुडघ्याशी संपणारी आणि बुडाला आतून गादी शिवलेली. ती घालून पंचेचाळिशीचा हा माणूस भावाच्या घरी भरल्या पंगतीत येऊन बसला आणि म्हणाला, ऑगस्टात इथं जवळच वल्लमला माउंटन बाइक ओरिएंटियरिंगची स्पर्धा भरवतोय.

वरुणराव तिचे धाकटे दीर. बंगळूरची नोकरी सोडून तंजावरला परतल्यापासून त्यांनी एकेक खूळ घरात आणलं होतं. आधी मधमाश्या झाल्या, मग गच्चीवरची भाजी झाली. आता सायकल.

"डोंगरात चालवायची सायकल," कामाक्षी आमटी वाढता वाढता म्हणाली, "आणि ती तंजावरात. इथं उंच म्हणावं तर मोठ्या देवळाचं शिखर. त्यावर चढवणार काय?"

पंगत हसली. वरुणरावांनी मात्र मनाला लावून घेतलं नाही. ते समजावून सांगू लागले. सुटताना हातात नकाशा मिळतो. त्यावर ठिकाणं छापलेली असतात. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरं निशाण आणि एक छोटी पेटी असते, तिला बोटातली चिप टेकवायची. ठिकाणं क्रमानं घ्यायची, वाट मात्र ज्याची त्यानं निवडायची. सगळं करून जो कमीत कमी वेळात परतेल तो जिंकला.

"म्हणजे पत्ता शोधायचा," कामाक्षी म्हणाली. "आमचा पोस्टमन रोज शोधतो. त्याच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही."

"तितकं सोपं नाही, वैनी. नकाशा वाचता यावा लागतो."

हे वाक्य तिला झोंबलं. मुलींच्या शाळेत ती वीस वर्षं भूगोल शिकवत होती. समोच्च रेषा म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, उत्तर दिशा कशी ओळखावी, हे सांगता सांगता तिचा घसा बसला होता आणि हा गादीच्या विजारीतला माणूस तिला नकाशा शिकवायला निघाला होता.

"मज सांगता नकाशा? माझ्या आठवीतल्या पोरी वाचतील तुमचा नकाशा."

"मग तुमीच या की," वरुणराव शांतपणे म्हणाले. "बायकांच्या गटात तशी नावं कमीच आहेत."

पंगतीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नको" म्हणायला तेव्हा एक क्षण होता, तो तिनं घालवला. "येते," ती म्हणाली, आणि भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

तिची मुलगी जननी तिरुचीला इंजिनीअरिंग शिकत होती. तिची गियरची सायकल घरी धूळ खात पडली होती. कामाक्षीनं ती पुसून काढली आणि सकाळच्या वेळी कालव्याच्या बांधावरून चालवायला सुरुवात केली. साडी सोडून चुडीदार घातला, एवढीच तिची तयारी. वरुणरावांच्या क्लबातली मंडळी बांधावर भेटत. हातमोजे, काळे चष्मे, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात. बाळाला दूध पाजावं तसं चाललेलं ते पाणीपान बघून ती नाक मुरडून पुढं जायची. त्यांच्यात विघ्नेश नावाचा एक तरुण दंतवैद्य होता. त्याची सायकल एका हातानं उचलता येत असे, आणि कुणी विचारलं नाही तरी तो उचलून दाखवी.

हँडलवर नकाशा लावायची एक फिरती पाटी मिळते. वरुणरावांनी ती देऊ केली, पण कामाक्षीनं घेतली नाही. परीक्षेला मुली आणतात तसला एक पॅड तिनं सुतळीनं हँडलला घट्ट बांधला. "नकाशा काय गरागरा फिरवायची वस्तू आहे?" असं ती जननीला फोनवर म्हणाली. जननी मराठी ऐके आणि तमिळमधून उत्तर देई. त्या दिवशी ती दोन्ही भाषांत नुसती हसली.

स्पर्धेच्या रविवारी वल्लमच्या तांबड्या माळावर मंडप उभारला होता. लाउडस्पीकरवर वरुणराव स्वतःचंच कौतुक करत होते. पोटं सुटलेले बँक मॅनेजर हातपाय ताणून व्यायाम करत होते. विघ्नेशनं तिच्या सुतळीकडे पाहून "नाइस, आंटी" म्हटलं. आंटी! कामाक्षीनं त्याला वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसवून टाकलं, मनातल्या मनात.

एकेकाला थोड्या थोड्या अंतरानं सोडत होते. तिची पाळी आली, नकाशा हातात पडला, तिनं तो पॅडवर चिमट्यात अडकवला. उत्तर वर, दक्षिण खाली, जसा वर्गातल्या भिंतीवर असतो तसा. पहिलं ठिकाण उत्तरेला होतं, ते चटकन सापडलं. पेटीनं पीप केलं. इतकंच होतं तर, असं तिला वाटलं, आणि वरुणरावांना काय काय ऐकवायचं त्याची जुळणी ती करू लागली.

दुसरं ठिकाण दक्षिणेला होतं. ती वळली, पण नकाशा वळला नाही, तो सुतळीनं बांधलेला. काजूच्या बागेपाशी फाटा आला, नकाशावर वाट डावीकडं जात होती, ती डावीकडं गेली. पुढच्या फाट्यावर उजवीकडं, ती उजवीकडं गेली. तोंड दक्षिणेला करून उभ्या असलेल्या माणसाचं डावं उजवं भिंतीवरच्या नकाशाच्या बरोबर उलटं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. वीस वर्षांत तिला नकाशा घेऊन कुठं चालायची वेळच आली नव्हती. भिंतीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून भिंतीपर्यंत, हाच तिचा प्रवास.

निलगिरीची झाडं सगळीकडं सारखीच. वाटाही सारख्याच. सूर्य चढला, तिचा चुडीदार अंगाला चिकटला. शेवटी पडलेल्या फांद्या गोळा करणारी एक बाई दिसली. वाट विचारणं नियमात बसत नव्हतं, तरी कामाक्षीनं विचारलं, "एरी कुठं आहे, अम्मा?" एरी म्हणजे तळं, नकाशावर हे दुसरं ठिकाण तळ्याकाठी होतं. बाईनं मोठ्या खात्रीनं हात केला. कामाक्षी बरंच अंतर तुडवत तिथं पोचली. तळं होतं, पण भलतंच. काठावर निशाण नव्हतं, दोन म्हशी होत्या. परत येऊन पाहते तो ती बाईही निघून गेलेली.

मोटारींच्या आवाजाच्या रोखानं ती हमरस्त्याला लागली आणि रस्त्यानंच मंडपाकडं परतली. मंडपाची कनात उतरवत होते. तिला शोधायला माणसं पाठवायची बोलणी चालली होती, ती तिनं ऐकली. विघ्नेश गळ्यात पदक घालून इडली खात होता. वरुणराव धावत आले.

"वैनी, बेस झालं आलात. होतं असं. हे घ्या, भाग घेतल्याबद्दल सर्वांना देतो."

त्यांच्या हातात टिनचं एक पदक होतं.

"तळ्याकाठच्या म्हशींना द्या," कामाक्षी म्हणाली. "त्यांना त्यांची जागा तरी ठाऊक आहे."

पुढचे बरेच दिवस तिनं सायकलीला हात लावला नाही. घरी कुणी विषय काढला की ती म्हणे, नकाशा चुकीचा होता. हे ती इतक्या ठासून सांगे की नवऱ्याला खरं वाटलं. तिला स्वतःला मात्र वाटेना. वर्गात समोच्च रेषांचा धडा आला. तिनं फळ्यावर नेहमीसारखी एकात एक वर्तुळं काढली, कांदा चिरल्यासारखी. मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. त्या गप्पपणे उतरवणाऱ्या माना बघताना तिला स्वतःचाच तिटकारा आला. या पोरी वल्लमला सोडल्या तर त्याही म्हशींपाशीच पोचतील, आणि शिकवलेलं कुणाचं, तर तिचं.

त्या शनिवारी जननी घरी आली होती. तिला शेजाऱ्यांची सायकल मागून दिली आणि कामाक्षी तिला घेऊन वल्लमला गेली. जुना नकाशा सोबत होता. हँडलवर वरुणरावांचीच फिरती पाटी होती. ती तिनं जननीकरवी मागवली, स्वतः तोंड उघडलं नाही. पहिल्या फाट्यावर थांबून तिनं पाटी फिरवली. नकाशावरली वाट समोरच्या वाटेवर तंतोतंत येऊन बसली.

"एवढंच?" ती स्वतःशी म्हणाली.

पुढं एक वाट नकाशावर तीन तपकिरी रेषा ओलांडत होती. डोळ्यांना माळ सपाट दिसे. पण पहिल्या रेषेपाशी पाय जड झाले, दुसरीपाशी गियर उतरवावा लागला, तिसरीपाशी ती धापा टाकत उतरून उभी राहिली. समोच्च रेषा! वीस वर्षं फळ्यावर काढली आणि आज पहिल्यांदा ती मांड्यांना लागली.

"अम्मा, पोदुम," पुरे, असं जननी मागून म्हणाली.

"पुरे कशास? परत खाली जाऊ. परत चढू."

दिवाळीच्या आधी तिकडचा पावसाळा लागला तोवर त्या दोघी जमेल तसं येत राहिल्या. जननी कंटाळली की कामाक्षी एकटी येई. क्लबातली माणसं भेटली तर ती त्यांना ओळख देत नसे. त्यांच्याबद्दलचं तिचं मत तिळभर बदललं नव्हतं, फक्त आता खुळ्यांच्या त्या यादीत तिनं स्वतःलाही घातलं होतं.

जानेवारीत पोंगल झाल्यावर दुसरी स्पर्धा झाली. बायकांच्या गटात चौघीजणी. या खेपेस कामाक्षीनं फाट्यागणिक पाटी फिरवली, शंका आली की थांबली, होकायंत्र पाहिलं, मग निघाली. वेग काही नव्हता. कॉलेजातल्या मुली तिला सर्रकन मागं टाकून गेल्या. मध्येच विघ्नेश वाऱ्यासारखा आला आणि चुकीच्या फाट्याला लागला. त्याच्या नकाशावर ठिकाणं वेगळी असतील, असं तिला आधी वाटलं. पण काही वेळानं तो तोंड पाडून त्याच वाटेनं उलटा आला. त्याला काही सांगणं नियमात बसत नव्हतं. नियम तिनं आनंदानं पाळला.

एका ठिकाणी नकाशावर ठळक वाट होती आणि समोर पाणी. पावसानं तळं फुगून वाट गिळली होती. कामाक्षीनं सायकल वळवली, काजूच्या बागेला वळसा घालणारी वाट शोधली आणि पलीकडं निघाली. शेवटच्या पेटीनं पीप केलं तेव्हा तिचे केस चिखलानं माखले होते. सगळी ठिकाणं, सगळी क्रमानं. चौघींत ती तिसरी आली. चौथीची एक पेटी राहून गेली होती म्हणून. कामाक्षीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

ती सरळ वरुणरावांसमोर गेली.

"तळ्याकडची वाट पाण्यात आहे. नकाशा छापण्याआधी कुणी जाऊन पाहिलं होतं काय?"

वरुणरावांचा चेहरा पडला. पावसाळ्यानंतर कुणी गेलं नव्हतं. "चुकलं खरं," ते म्हणाले. मग तिच्या पाटीवरचा नकाशा न्याहाळत म्हणाले, "वैनी, पुढची स्पर्धा ओरत्तनाडूच्या बाजूला घ्यायची आहे. नकाशा तपासायला तुमीच या. तुमच्यासारखं माणूस आमच्याकडं नाही."

"तपासणाऱ्याला स्पर्धेत उतरता येतं?"

"नाही. त्याला सगळी ठिकाणं आधीच ठाऊक होतात ना."

"मग दुसरं कुणी पाहा," कामाक्षी सायकलीचा चिखल काडीनं खरवडत म्हणाली. "मज उतरायचंय. पुढं गेलेल्या त्या दोन पोरींतली एक तरी मागं पडली पाहिजे. आणि वरुणराव, तुमची ती विजार मिळते कुठं? बुडाला फोड आलेत."